शेरिंगहॅमला आई-बाबांना घेऊन: आधी भरती-ओहोटी, मग बाकी सगळं

गावाकडून आई-बाबा इंग्लंडला आले की आधी लंडन, मग बाथ आणि स्टोनहेंज, जमलंच तर स्कॉटलंड, असा इथल्या मराठी घरांतला ठरलेला क्रम असतो. आमच्याकडेही तो झाला. पण सततचे प्रवास, पायऱ्या आणि रांगा यांनी बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि आईने सांगून टाकलं, "आता बघणं पुरे झालं. चार दिवस एका जागी बसू दे. समुद्र असला तर फारच बरं." दोघंही हर्णैचे. बाबांची सगळी नोकरी दापोली तालुक्यातल्या शाळांवर गेली, आईचं माहेर शेजारच्या मुरूडचं. जन्म समुद्राकाठी गेलेली माणसं.

आम्ही नॉरिचला राहतो. इथून ग्रेट यार्मथ जवळ आहे, पण तिथला किनारा म्हणजे पाळणे, खेळांची यंत्रं आणि रोषणाई. ज्यांना ते हवं त्यांच्यासाठी ते छानच आहे. आम्हाला शांत गाव हवं होतं, म्हणून नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावरचं शेरिंगहॅम निवडलं. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवले आणि पौर्णिमेला निघालो. सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरलेली असते, आणि शेजारच्या क्रोमर गावच्या प्रसिद्ध खेकड्यांचा हंगाम अजून चालू असतो. वयस्कर माणसांना घेऊन जायला याहून चांगला महिना नाही, असं माझं ठाम मत आहे.

ओळखीतल्या बहुतेकांनी विचारलं होतं, "तिथे करणार काय?" त्याचं उत्तर मला तिथे गेल्यावर मिळालं आणि ते बाबांनी काढलं. तेच सविस्तर लिहिते आहे, कारण आई-बाबांना घेऊन जाणाऱ्या कुणाच्याही ते उपयोगी पडेल.

नॉरिचहून शेरिंगहॅमला छोटी रेल्वेगाडी जाते, साधारण तासाभराचा प्रवास. या मार्गाला बिटर्न लाइन म्हणतात. बिटर्न हा इथल्या दलदलीच्या गवतात राहणारा, बगळ्याच्या जातीचा पक्षी. रॉक्सम, नॉर्थ वॉल्शम करत गाडी क्रोमरला पोहोचते आणि तिथे रूळच संपतात. चालक आपली पिशवी घेऊन उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या खोलीत जाऊन बसतो आणि गाडी उलट्या दिशेने निघून पुढे शेरिंगहॅमला जाते. बाबांना हे इतकं आवडलं की पुढे प्रत्येक वेळी ते क्रोमरला खिडकीतून चालक कधी उतरतो ते बघत बसायचे.

पोहोचलो त्या संध्याकाळी सामान टाकून लगेच किनाऱ्यावर गेलो. पाणी अगदी भिंतीपर्यंत आलेलं आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात नुसते गोटे. वाळूचा कणही दिसेना. आई खट्टू झाली. "इथे चालायचं कसं?" बाबा मात्र कठड्याला टेकून शांतपणे बघत होते. म्हणाले, "उधाणाची भरती आहे ही. उद्या दुपारी ये, वाळू दिसेल." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी लांबवर ओली, सपाट वाळू पसरली होती आणि आई चपला हातात घेऊन चालत होती. शेरिंगहॅमचा किनारा असाच आहे. भरतीला गोटे, ओहोटीला वाळू. वेळ बघून गेलं नाही तर गाव निम्मंच दिसतं.

त्याच दुपारी बाजारातल्या एका दुकानातून भरती-ओहोटीच्या वेळांची छोटी पुस्तिका घेतली. अशा पुस्तिका या किनाऱ्यावर सगळीकडे मिळतात, आणि ब्रिटिश जलआलेखन खात्याच्या संकेतस्थळावर पुढच्या आठवड्याच्या वेळा फुकट बघता येतात. घेताना एक गोष्ट नक्की तपासावी: बऱ्याच छापील तक्त्यांत वेळा ग्रिनिच प्रमाणवेळेत दिलेल्या असतात. मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे त्या वेळांत एक तास मिळवावा लागतो. किनाऱ्यावर हा एक तास फार महत्त्वाचा ठरू शकतो.

बाबांनी पुस्तिका हातात घेतली, पिशवीतून कालनिर्णय काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बसले. आपल्या कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पंधरवडा बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हर्णैत हे शाळकरी मुलांनाही येतं. इथल्या पुस्तिकेत पौर्णिमेची भरती सातच्या सुमारास दाखवली होती. बाबांनी पुढच्या दिवसांच्या वेळा पाहिल्या, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "हिशोब तोच आहे. फक्त सात तास मिळवायचे. आणि तुमचा उन्हाळ्याचा एक."

असं का होतं, तेही आम्ही बसून समजून घेतलं. चंद्र तोच, पण भरतीची लाट प्रत्येक बंदरात एकाच वेळी पोहोचत नाही. अटलांटिकमधली लाट स्कॉटलंडच्या उत्तरेकडून वळसा घालून उत्तर समुद्रात शिरते आणि पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत येते. आधी ॲबर्डीन, मग व्हिटबी, मग क्रोमर आणि त्यानंतर लोस्टॉफ्ट. प्रत्येक ठिकाणी चंद्रापासूनचा उशीर वेगळा, पण त्या ठिकाणापुरता तो जवळपास कायम. म्हणून हर्णैचा पाऊणपटीचा हिशोब इथेही चालतो. अगदी मिनिटाला नाही, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. जीव धोक्यात घालायचा असेल तिथे छापील तक्ताच बघावा, हे बाबांचंच म्हणणं. पण दिवस आखायला तिथी पुरते.

याचा एक फायदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. इथे पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळ-संध्याकाळ येते, म्हणजे उधाणाची मोठी ओहोटी बरोबर दुपारी पडते. पाणी सगळ्यात जास्त आत जातं ते पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, आणि दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात, भरती-ओहोटीतलं अंतर वर्षात सगळ्यात मोठं असतं. समुद्राचा तळ बघायचा तर आम्ही योग्य तिथीला आलो होतो.

तळ बघायची जागा म्हणजे वेस्ट रंटन. शेरिंगहॅमहून क्रोमरच्या दिशेने पुढचंच स्टेशन. स्टेशनवरून किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं आणि खाली उतरायला उतार आहे, पायऱ्या नाहीत. बाबा काठी टेकत आरामात उतरले. खाली स्वच्छतागृह आणि चहाची सोय आहे. ओहोटी पुरी होण्याच्या दोन तास आधी पोहोचायचं आणि मागे सरकणाऱ्या पाण्याच्या मागोमाग पुढे जायचं, म्हणजे परतायला भरपूर वेळ राहतो. पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. खडूच्या सपाट खडकावर हिरवं शेवाळ असतं आणि चपला हमखास घसरतात.

हो, खडूचा खडक. या किनाऱ्याला लागून समुद्राखाली खडूचा मोठा खडकाळ पट्टा आहे, २०१६ पासून तो सागरी संवर्धन क्षेत्र आहे. वेस्ट रंटनला त्याचा काठ ओहोटीत उघडा पडतो. पांढऱ्या खडकात काळी गारगोटी अडकलेली, मध्ये डबकी. पहिल्या डबक्यापाशी बाबा गुडघ्यांचं दुखणं विसरून उकिडवे बसले. दगडाच्या आडोशाला एक समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) होतं. पाण्याबाहेर राहिलेलं, मिटलेलं, ओल्या चिंचेच्या गोळ्यासारखं गडद आणि चकचकीत. हातभर अंतरावर तसंच दुसरं पाण्याखाली होतं, त्याचे आखूड लाल धागे पूर्ण उघडलेले. बाबांनी गवताची काडी अलगद टेकवली, तर धागे काडीला चिकटून आत वळले. मग एक शंख चालायला लागला. आत राहणारा खेकडा दोन डोळे बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. खडूत बोट जाईल एवढी गोल भोकं होती, ती पोखरणाऱ्या शिंपल्यांनी केलेली. बाबा एकेक दगड उचलून खाली बघत आणि होता तसा, त्याच बाजूने, परत ठेवत. मला म्हणाले, "उलटा ठेवलास तर खालचं सगळं उन्हात मरतं." इथल्या सूचनाफलकांवरही हेच लिहिलेलं असतं.

थोडं पुढे गेल्यावर खडकात गारगोटीची मोठाली गोल कडी दिसू लागली, आत पोकळ, काहींत पाणी साठलेलं. त्यांना पॅरामुड्रा म्हणतात. खडू समुद्रतळाशी साठत होता तेव्हा कुठल्यातरी जीवाच्या उभ्या बिळाभोवती ही गारगोटी घट्ट होत गेली, असं मानतात. आईला त्यांचंच सगळ्यात कौतुक वाटलं. आणि मला एक बेलेम्नाइट सापडला: बोटाच्या पेराएवढा, पिंगट, गुळगुळीत, एका टोकाला निमुळता. माकूलाच्या जातीच्या एका प्राचीन प्राण्याच्या शरीरातला तो कठीण भाग. उजेडात धरला की कडेला मधासारखा रंग दिसतो. आणि त्याचं वय सात कोटी वर्षांहून जास्त. बाबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवला. ते भूगोल शिकवायचे. मुलांना खडकांचे प्रकार त्यांनी जन्मभर फळ्यावर शिकवले, असा जीवाश्म हातात कधी आला नव्हता.

मागे वळून कड्याकडे पाहिलं की पायथ्याशी काळपट मातीचा एक थर दिसतो. एका प्राचीन नदीचा गाळ आहे तो. १९९० च्या डिसेंबरात वादळाने तो धुपला आणि एक मोठं हाड उघडं पडलं. पुढे १९९५ मध्ये मोठं उत्खनन झालं आणि जवळजवळ संपूर्ण, सुमारे ८५ टक्के सांगाडा निघाला. खांद्यापर्यंत चार मीटर उंच नर मॅमथ, सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचा. गुडघा दुखावलेला होता, आणि हाडांवर तरसांच्या दातांच्या खुणा आहेत. बाबांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवून सगळं ऐकलं. त्यातली काही हाडं क्रोमरच्या संग्रहालयात बघायला मिळतात. ती बघायला आम्ही नंतर गेलो आणि माझा सल्ला आहे की आधी किनारा आणि मग संग्रहालय असाच क्रम ठेवावा. जागा पाहिलेली असली की काचेमागचं हाड नुसतं हाड राहत नाही.

कड्याखाली मात्र उभं राहू नये. तो मऊ आहे, पावसाळी दिवसांत कधीही ढासळतो. कडा उकरायलाही बंदी आहे. सुटं पडलेलं असेल तेच बघावं. आम्ही मध्ये खडकावरच थांबलो. मी अजून एक बेलेम्नाइट शोधण्यात गुंतले होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "भरती लागली, चला." मला काहीच फरक दिसत नव्हता. त्यांनी काठीने एक डबकं दाखवलं. त्याच्या तोंडाशी पाणी बाहेर वाहत होतं ते आता आत यायला लागलं होतं.

तिथून आमचे दिवस आपोआप आखले गेले. रोज रात्री बाबा दुसऱ्या दिवसाची वेळ सांगायचे आणि त्याप्रमाणे सकाळ ठरायची. भरती सकाळी असेल तर क्रोमरचा धक्का.

क्रोमर जरा मोठं आणि जरा गजबजलेलं, पण संध्याकाळी परत शेरिंगहॅमला यायचं असल्यामुळे त्रास वाटत नाही. तिथला समुद्रात गेलेला लांब धक्का १९०१ सालचा. त्याच्या टोकाशी नाट्यगृह आहे आणि त्याच्याही पलीकडे जीवरक्षक नौकेचं ठाणं. धक्क्यावरचं मुख्य काम म्हणजे खेकडे धरणं. आणि हे नीट करायचं तर पद्धत आहे. दोरी घ्यायची, गळ नाही. गळाने खेकड्याला इजा होते. दोरीला जाळीची छोटी पिशवी बांधून तिच्यात आमिष ठेवायचं, इथे बहुतेक जण डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे वापरतात. बादलीत नळाचं नाही, समुद्राचंच पाणी भरायचं, सावलीत ठेवायची, पाणी वरचेवर बदलायचं. बादलीत थोडेच खेकडे ठेवायचे, मोठे नर भांडायला लागले तर वेगळे करायचे. आणि थोड्या वेळाने सगळे परत सोडायचे. वरून भिरकावून नव्हे, दोरीने बादली खाली पाण्यापर्यंत नेऊन.

बाबांनी लहानपणी खाडीत आमिष बांधलेल्या गोल जाळ्यांनी कुर्ल्या धरल्या होत्या. त्यांनी दोरी सोडली, तळाला टेकवली, बोटाने ताण धरून उभे राहिले. शेजारी आजोबांबरोबर आलेली एक चिमुरडी सारखी दोरी वर ओढत होती आणि प्रत्येक वेळी पिशवी रिकामी येत होती. बाबांनी तिला बोटाने थांबायची खूण केली. दोघांनी दोऱ्या तशाच धरल्या. मग बाबांनी मान हलवली, ती हळूहळू ओढायला लागली आणि पिशवीला धरून हिरवट रंगाचे दोन लहान खेकडे वर आले. बाबांना इंग्रजी वाचता येतं, बोलायला संकोच वाटतो. त्या सकाळी त्यांना बोलावं लागलंच नाही. पुढचा सगळा वेळ ती मुलगी दोरी ओढण्याआधी त्यांच्याकडे बघायची.

तिथून आम्ही हेन्री ब्लॉग यांच्या नावाच्या संग्रहालयात गेलो. हे मी कुणालाही चुकवू देणार नाही. ब्लॉग हे क्रोमरचे खेकडे धरणारे कोळी. उन्हाळ्यात किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने द्यायचे. १९०९ पासून १९४७ पर्यंत जीवरक्षक नौकेचे तांडेल होते. नौकेवरच्या त्यांच्या एकूण ५३ वर्षांत ती ३८७ वेळा बाहेर गेली आणि ८७३ माणसं वाचली. शौर्यासाठीचं सुवर्णपदक त्यांना तीनदा मिळालं. त्यांची 'एच. एफ. बेली' ही नौका तिथे उभी आहे, तिच्या बाजूला उभं राहून वर बघता येतं. आजही इथल्या जीवरक्षक नौका लोकांच्या देणग्यांवर आणि बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात. बाबा प्रत्येक पाटी अक्षर न् अक्षर वाचत होते. हर्णैतल्या त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांची घरं मासेमारीवर चालतात. वादळात होडी परत येईना म्हणून रात्रभर बंदरावर उभे राहिलेले लोक त्यांनी पाहिले आहेत. बाहेर पडताना त्यांनी देणगीच्या पेटीत नोट टाकली आणि मला म्हणाले, "तुझ्याकडचीही टाक."

नाट्यगृहात उन्हाळ्यात गाणी, नाच, नकला, जादू असा मिश्र कार्यक्रम असतो. दुपारचा प्रयोग बघितला. आईला भाषेची अडचण आली नाही.

भरती-ओहोटीशी ज्याचा संबंध नाही, अशाही गोष्टी शेरिंगहॅममध्ये आहेत आणि त्या पावसाच्या, वाऱ्याच्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की दुसरं, जुनं स्टेशन आहे. तिथून वाफेच्या इंजिनाची गाडी वेबर्नवरून होल्टला जाते. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे शेतं, अर्धा दिवस आनंदात जातो. गावाजवळचं शेरिंगहॅम पार्क हे हम्फ्री रेप्टन यांनी १८१२ मध्ये आखलेलं उद्यान. ते आपल्या कामांतलं सगळ्यात लाडकं, असं ते म्हणत. मे-जूनमध्ये तिथे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात, त्यामुळे सप्टेंबरात आम्ही धावती भेटच दिली. बीस्टन बंप ही गावाच्या पूर्वेची टेकडी मी एकटीच चढले. हिमनदीने मागे ठेवलेल्या वाळू-खडीचा तो ढीग आहे. वर दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौकांचे बिनतारी संदेश ऐकायचं ठाणं होतं, त्याचा काँक्रीटचा पाया अजून दिसतो. वारा असा की उभं राहवत नाही. इथून उत्तरेला थेट ध्रुवाकडे मोकळा समुद्र आहे.

आईसाठी मात्र 'द मो' हे गावातलं संग्रहालय सगळ्यात मोलाचं ठरलं. समुद्राला लागून आहे, आत जुन्या जीवरक्षक नौका ठेवल्या आहेत. आईचं लक्ष त्यांच्याकडे गेलंच नाही. ती थेट कोळ्यांच्या स्वेटरांपाशी गेली. त्यांना गॅन्सी म्हणतात. गडद निळी लोकर, अंगाला घट्ट बसणारी, बारीक सुयांवर गोल विणलेली, कुठेही शिवण नाही, छातीवर सुलट-उलट टाक्यांची नक्षी. घरातल्या बायका विणायच्या आणि प्रत्येक गावाची, काही वेळा प्रत्येक घराची नक्षी वेगळी असायची. शेरिंगहॅमचं विणकाम विशेष बारीक. आईने काचेला जवळजवळ नाक लावून टाके मोजले. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी ते पाहिलं आणि एक सुटा नमुना आणून तिच्या हातात दिला. मग त्या दोघींचं जे सुरू झालं, त्यात मी दुभाषी म्हणून फारशी लागलेच नाही. आईने नमुना उलटा करून मागची बाजू पाहिली, बोटाने एक ओळ दाखवली, बाईंनी सुया धरल्यासारखी बोटं करून तो टाका कसा पडतो ते दाखवलं. घरी येताना आईने निळी लोकर आणि सुया विकत घेतल्या.

आता खेकड्यांविषयी, कारण त्याशिवाय या किनाऱ्याबद्दल लिहिणं अपुरं राहील. श्रावणापासून गणपतीपर्यंत आमच्या घरात मासळी नसते, त्यामुळे विसर्जनानंतर सगळेच वाट बघत होतो. पितृपक्ष लागला होता, पण श्राद्धाची तिथी सोडली तर आमच्याकडे चालतं. आईची शंका वेगळीच होती. "पौर्णिमेच्या कुर्ल्या पोकळ. अमावास्येला घ्यायच्या." विक्रेत्याने न बोलता दोन खेकडे तिच्या दोन हातांत दिले. तिने वजन पाहिलं, कानाशी नेऊन हलवले. पाण्याचा आवाज आला नाही. जड तो घेतला.

इथला खेकडा आपल्या कुर्लीहून वेगळा. पाठ रुंद, तांबूस तपकिरी, कडा नागमोडी, नांग्यांची टोकं काळी. या भागात पाठीची रुंदी ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असलेला खेकडा किनाऱ्यावर आणता येत नाही. खेकडा इथे बहुतेक उकडूनच विकतात. ज्यांना सोलायचं नसेल त्यांच्यासाठी मांस काढून परत कवचात भरलेला मिळतो, वर लिंबू पिळून ब्राउन ब्रेड आणि लोण्याबरोबर खातात. आईने अख्खा घेतला. नांग्या आणि पाय पिरगळून काढले, पोट वर करून दोन्ही अंगठ्यांनी मधला भाग ढकलून कवचातून सोडवला. मऊ, करडे कल्ले एकेक करून काढून टाकले, तोंडामागची छोटी पिशवी काढली. कवचाच्या आत तपकिरी, दाट भाग होता, भरपूर. मधल्या भागाच्या कप्प्याकप्प्यांतून पांढरं मांस चमच्याच्या दांड्याने काढलं. क्रोमरचे खेकडे या पांढऱ्या, गोडसर मांसासाठीच प्रसिद्ध आहेत.

पहिली वाटी आम्ही इथल्यासारखीच खाल्ली, लिंबू आणि मिरपूड लावून. आई म्हणाली, "गोड आहे. पण पायांचं काय करतात हे लोक?" तिने पाय ठेचले, पाण्याबरोबर मिक्सरमधून काढले, गाळून घेतले आणि त्या पाण्यात नारळाचं दूध, तिखट, हळद, घरून आणलेली आमसुलं घालून सार केलं. खेकडा आधीच उकडलेला असल्यामुळे हर्णैइतकं दाट होत नाही. चव मात्र आली. शेजारच्या घरात उतरलेल्या वयस्कर जोडप्याला एक वाटी नेऊन दिली. त्यांनी वाटी परत दिली तेव्हा तिच्यात त्यांच्या झाडाची सफरचंदं होती.

शेवटी शेवटी सील बघायला गेलो. शेरिंगहॅमहून किनाऱ्याने पश्चिमेला बस जाते, मॉर्स्टनला उतरायचं आणि तिथून होडीने ब्लेकनी पॉइंट. वाळू-गोट्यांची ही लांब दांडी १९१२ पासून नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मॉर्स्टनची खाडी ओहोटीला कोरडी पडते, त्यामुळे होड्या फक्त भरतीच्या आगेमागे सुटतात आणि वेळ रोज बदलते. आदल्या रात्री मी फोनवर वेळ शोधत होते. बाबांनी कालनिर्णय पाहिलं: पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार, अधिक सात, अधिक एक. "पावणेबाराला भरती पुरी. होडी अकरा-साडेअकराला सुटेल." फोनवरही अकराची होडी निघाली.

दांडीच्या टोकाशी सील आडवेतिडवे पडले होते, करडे आणि ठिपकेवाले दोन्ही, काही पाण्यातून डोकं वर काढून होडीकडे बघत होते. पण बाबांचं लक्ष खाडीच्या तोंडाकडे होतं. नाविक वाळूच्या उथळ पट्ट्याला लांब वळसा घालत होता. बाबांनी मला विचारायला लावलं, की हा पट्टा जागा बदलतो का. बदलतो, दर हिवाळ्यात, म्हणून खुणेच्या बोयी हलवाव्या लागतात, असं त्याने सांगितलं. बाबा म्हणाले, "आंजर्ल्याच्या खाडीतही तेच. होड्या तोंडाशी भरतीची वाट बघत थांबतात." मी भाषांतर केलं. नाविकाने विचारलं, तिथे होड्या किती पाण्यावर चालतात. मग परतीच्या सगळ्या वाटेत मी मधे बसून दोन्हीकडचे प्रश्न इकडून तिकडे पोहोचवत राहिले.

करड्या सीलची पिल्लं बघायची असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ. ठिपकेवाल्यांची पिल्लं जून ते ऑगस्टमध्ये असतात. होडीची जागा आधी ठरवावी लागते, आणि सप्टेंबरातसुद्धा पाण्यावर कडक गारठा असतो. आई-बाबांसाठी कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट न विसरता घ्यावं.